महागडी घड्याळं आणि नाक मुरडणारी मंडळी

मला घड्याळांचं वेड आहे, महागड्या घड्याळांचंच, आणि ते मी कधी लपवलेलं नाही. पण या शौकात दुसऱ्याच्या मनगटाकडे बघून नाक मुरडायची जी सवय आहे ना, ती मला अजिबात सहन होत नाही. गणपतीत आमच्याकडे चिपळूणला मुंबईची पाहुणेमंडळी आली होती, त्यातल्या एकाने काकांचं घड्याळ बघून सरळ म्हटलं, "क्वार्ट्झ? बॅटरीवाल्यात काय मजा नाय." काका एसटीत कंडक्टर होते, अख्खी नोकरी वेळेवर काढलेला माणूस, काही बोलले नाहीत, फक्त शर्टाची बाही खाली ओढली. मला इतका राग आला की काय सांगू.

आता मजा कशात नाय ते बघू. स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी म्हणून संस्था आहे, ती चावीच्या घड्याळांची मशीनं 15 दिवस तपासते आणि दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढा फरक चालवून घेते, आणि ज्याला असं सर्टिफिकेट मिळतं ते भारी घड्याळ. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू, 1989 पासूनचं, प्लॅस्टिकचं, त्यात महिन्याला 30 सेकंदांचा फरक, म्हणजे दिवसाला एखादाच सेकंद. वेळेचाच प्रश्न असेल तर विषयच संपला.

दुसरं म्हणजे ते "इन-हाउस" प्रकरण. मशीन कंपनीने स्वतः बनवलेलं नसेल तर ही मंडळी घड्याळाकडे ढुंकून बघत नाहीत. अरे पण ऑडेमार पिगे कंपनीचं 1972 चं पहिलं रॉयल ओक, ज्याच्यासाठी सगळे जीव टाकतात, त्याच्या मशीनचा मूळ सांगाडा जेगर-लकूल्त्र या दुसऱ्याच कंपनीचा होता! रोलेक्सच्या डेटोना घड्याळात 1988 ते 2000 झेनिथ कंपनीचं मशीन चालायचं, रोलेक्सने त्यात भरपूर बदल केले हे खरं, पण मूळ झेनिथचंच. आज तीच डेटोना लोक शोधत फिरतात. म्हणजे यांना मशीन कळत नाही, नाव तेवढं कळतं. पेटीवर देवगड छापलंय म्हणून आंबा न हुंगताच वा वा करणारे असतात ना, त्यातलाच प्रकार.

आणि खरी पारख असते, नाही असं नाही. आमच्या बाजारात एक घड्याळवाले आहेत, म्हातारे, डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. मी एकदा एचएमटी जनता घेऊन गेलो होतो, समुद्राकडे राहणाऱ्या एका नातेवाईकाचं, खाऱ्या हवेने मागचं झाकण धरलेलं आणि चावीच्या दांडीला गंज. त्यांनी झाकण उघडलं, साफसफाई केली, तेल दिलं, आणि बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ धरणारं मागेपुढे फिरणारं चाक, हलायला लागल्यावर त्यावरची केसासारखी बारीक स्प्रिंग बघायला मला भिंग देऊन म्हणाले, "बघ रे, हेअरस्प्रिंग कशी गोल उघडतेय, एका बाजूला झुकत नाय." सतरा ज्वेलचं साधं मशीन, सेकंदाला पाच ठोके, आणि तो माणूस त्याच्याकडे ज्या प्रेमाने बघत होता तसं बघताना मी लाखांची घड्याळं घालणाऱ्यांना फार कमी वेळा पाहिलंय. त्यांच्याकडे स्विस घड्याळंही येतात. ती उघडल्यावर मशीनच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा हाताने कशा घासल्यात, स्क्रूच्या खाचा किती स्वच्छ आहेत, हे पण ते तितक्याच आवडीने दाखवतात, कारण ते काम खरंच सुंदर असतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात हे मला मान्य आहे. पण घड्याळ कोणाचं, कितीचं, हे त्यांनी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

मला स्वतःला पुढे कधीतरी जपानच्या ग्रँड सेइकोचं 9एफ मशीनवालं घ्यायचंय. ते मशीन 1993 मध्ये आलं, वर्षाला 10 सेकंदांच्या आतबाहेर, काटा बरोब्बर खुणेवर पडतो, आणि हो, बॅटरीवरच चालतं. घड्याळांच्या शौकिनांच्या ग्रुपवाले म्हणणारच की एवढ्या पैशात क्वार्ट्झ कशाला, म्हणू देत, मी पैसे जमवतोय.