बाण नदीत गेला तेव्हा

गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या बांधावर उभं राहून मी जीपीएस यंत्राकडे पाहिलं, तर बाण सरळ नदीत घुसलेला आणि अंतर ८०० मीटरच्या वर. भाची म्हणाली, "मामा, आता होडी बघायची का?"

ती पुण्याहून चवथीला आली होती. वय बारा. दीड दिवसाचा गणपती गेल्यावर घरात तिचा जीव रमेना, म्हणून तिला जिओकॅशिंगला न्यायचं ठरवलं. घरात मात्र आम्ही याला 'डबी शोधणं' म्हणतो. खेळात डबीला कॅश म्हणतात, पण तसं म्हटलं की आई विचारते, किती हरवली? डबी कुणीतरी लपवून ठेवलेली असते, सोबत अक्षांश-रेखांश दिलेले असतात. तिथवर जायचं, डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होती तशी परत ठेवायची. अनेक टप्प्यांच्या खेळात फक्त पहिली जागा दिलेली असते. पुढची जागा तिथे गेल्यावरच कळते.

आमचा खेळ माझ्या एका मित्राने मांडला होता, तीन टप्प्यांचा. ज्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, बागायतीत शेवटची डबी होती त्याला विचारूनच.

डिचोलीहून स्कूटरने नार्व्याला आलो. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार केला त्या सप्तकोटेश्वराला हात जोडले आणि फेरीबोटीने पलीकडे उतरलो. या देवाचं मूळ स्थान दिवाडीलाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा देव नदी ओलांडून अलीकडे आला. भाची म्हणाली, "म्हणजे आपण उलटे चाललोय."

माझं जीपीएस यंत्र म्हणजे जुना ईट्रेक्स १०. मुठीत मावतो, दोन पेन्सिल सेलवर दिवस निघतो. फोनवरही हे सगळं होतं, पण पावसाच्या थेंबांनी टचस्क्रीन वेड्यासारखं वागायला लागतं आणि बांधावरून हातातला फोन खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या पाणथळ शेतात, पडला तर घरी काय सांगणार? ईट्रेक्सची एक खोड मात्र आहे. त्यात चुंबकीय होकायंत्र नाही. चालत असाल तरच त्याला दिशा कळते, थांबलात की बाण मनाला येईल तिकडे वळतो. भाचीला हे कळायला दहा मिनिटं लागली, तोवर ती जागच्या जागी गिरक्या घेत होती.

पहिला टप्पा सोपा निघाला. मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, वडाच्या पारंब्यांत औषधाची छोटी बाटली होती. आतल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: इथून ६४ अंशांवर २१० मीटर. यंत्रात याची सोय आहे. उभ्या जागेचा बिंदू नोंदवायचा, मग दिशा आणि अंतर दिलं की ते पुढचा बिंदू स्वतः काढून देतं. अंश खऱ्या उत्तर दिशेपासून मोजायचे की होकायंत्राच्या चुंबकीय उत्तरेपासून, हा प्रश्न येतोच, पण गोव्यात दोन्हींत जेमतेम एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक. २१० मीटरला तो सात-आठ पावलांच्या आत राहतो.

दुसरी डबी बांधावरच्या एका खांबामागे सापडली. तिच्यात शेवटच्या जागेचे आकडे आणि खाली एक ओळ: 'पाय भिजणार नाहीत.' आकडे मी भरले, भाचीने अंकांची बेरीज करून ताळा घेतला. ताळा जुळला. आणि बाण नदीत!

पुन्हा भरले, पुन्हा नदी. मित्राला मनात दोन शिव्या घातल्या. भाची पडद्यावर नाक टेकवून म्हणाली, "मामा, चिठ्ठीत आकड्यांवर एकच रेघ आहे. इथे शेवटी दोन आहेत."

एक रेघ मिनिटांची, दोन सेकंदांची. आठवड्यापूर्वी जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सरकारी नकाशावरून, एक ओढा शोधताना मी यंत्र अंश-मिनिट-सेकंदांवर लावलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात. चिठ्ठीत अक्षांशाच्या मिनिटांपुढे .४५० होतं, म्हणजे २७ सेकंद. मी भरले होते ४५. रेखांशाचे .३०० म्हणजे १८ सेकंद, मी भरले ३०. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण जवळपास १.८५ मीटर होतो. त्या हिशेबाने मी शेवटची जागा ईशान्येला साधारण ६६० मीटर सरकवली होती. अंक तेच, म्हणून ताळा बिचारा जुळणारच. आकडा साठाच्या वरचा असता तर यंत्रानेच नाकारला असता. माझे दोन्ही आकडे गपचूप आत गेले.

सेटिंग बदललं, बाण गावाकडे वळला.

उघड्या बांधावर यंत्र अचूकता ३-४ मीटर दाखवत होतं. बागायतीत फणस-आंब्यांखाली शिरलो आणि ती १२ वर गेली. ओल्या पानांतून उपग्रहांचा संदेश नीट येत नाही, आणि येतो तोही कुठेतरी आपटून. इथे माणसं बाणामागे गोल गोल फिरत राहतात, मीही फिरलोय. त्यापेक्षा दहा मीटर उरले की यंत्र दगडावर ठेवून द्यावं आणि डोळे वापरावेत.

आम्ही वाकून शोधत होतो तेवढ्यात कुंपणापलीकडून एका म्हाताऱ्या अंकलनी हटकलं, "कितें, जमीन मेजपाक आयल्यात?" हातात यंत्र घेऊन कुणी झाडीत उभा दिसला की गोव्यात हीच शंका आधी येते, आणि ती उगाच येत नाही. मी खेळ समजावला. ते हसले आणि बोट उचलून "थंय एक भुरगो..." म्हणणार, तोच भाचीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नका!"

वीसेक मिनिटांनी तिलाच दिसलं. आंब्याच्या मुळापाशी तीन करवंट्या, तिन्ही पालथ्या, एका रांगेत. वाऱ्याने पडलेल्या करवंट्या अशा ओळीत बसत नाहीत. मधलीखाली प्लास्टिकचा डबा, आत दमट वही आणि टोक मोडलेली पेन्सिल. नखाने टोक काढून तिने नाव, तारीख आणि 'मामा नदीत गेला होता' असं लिहिलं. मी ते खोडू दिलं नाही.

परतताना फेरीत तिने मला विचारलं, हे कुणी काढलं? मी सांगितलं. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली. त्याआधी नागरी यंत्रं १०० मीटरपर्यंत चुकायची. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगनमध्ये एकाने जंगलात बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. ती अर्धवटच ऐकत होती. चुकीचा बिंदू मी पुसला नव्हता, आणि यंत्र तिच्या हातात होतं.

"मामा, नव्वद मीटर," ती म्हणाली. मग साठ. मग पस्तीस. कठड्यावर ओणवी होऊन ती पाण्यात बघायला लागली. जलपर्णीचा एक पुंजका फेरीला घासून मागे गेला आणि आकडा पुन्हा वाढायला लागला.