पिनेच्या जागी खिळा

मागच्या बुधवारी फोंडा घाट चढून चिऱ्याचा एक ट्रक कोल्हापुरात आला आणि माल उतरवून थेट माझ्याकडं लागला. ड्रायव्हर पन्नाशीचे. "मिस्त्री, गाडी रस्ता धरंना. स्टेअरिंग बॉक्स आवळून घेतला, तरी तसंच."

बॉक्स आवळला! याचाच मला राग येतो. स्टेअरिंगला प्ले आला, म्हणजे चक्र फिरवूनही चाकं लगेच वळंनात, की काही जण आधी चक्राच्या दांड्याखालच्या दातांच्या पेटीचा, म्हणजे बॉक्सचा, स्क्रू फिरवतात. त्यानं प्ले झाकला जातो, वर वळणानंतर स्टेअरिंग सरळ यायला अडतं. दुखणं तर बऱ्याचदा खाली जोडांत असतं.

गाडी जॅकवर घेतली नाही. चाक ज्यावर वळतं ती किंगपिन नि बेअरिंग बघायला जॅक ठीक, पण लिंकेज, म्हणजे बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे नि जोड, बघायचं तर वजन चाकांवर हवं. पोराला केबिनमध्ये बसवून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला लावलं आणि खाली झोपून एकेका बॉल जॉइंटवर तळहात ठेवत गेलो. पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणारा दांडा म्हणजे टायरॉड, त्याची दोन्ही टोकं घट्ट. बॉक्सकडून एका चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्रॅग लिंकच्या, चाकाकडच्या टोकावर मात्र हाताला टक् टक् लागलं.

चिखल खरवडला. कॅसल नटात, म्हणजे खाचांच्या नटात, तो फिरू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नव्हती, वाकवलेला खिळा होता, तोही एका बाजूनं तुटलेला. नट दोन आटे मागं आलेला. जॉइंटचा टेपर, म्हणजे निमुळता दांडा, चाकाच्या आर्मच्या भोकात रुतून बसतो, खरी पकड तीच. नट ढिला पडल्यावर टेपर हलत राहिला आणि भोक लांबट झालं. टायरॉड सुटला तर निदान एक चाक तरी ऐकतं. ड्रॅग लिंक सुटली तर ड्रायव्हरच्या हातात नुसतं चक्र उरतं, आणि हे मामा त्यावर घाट चढून आले होते.

मालक फोनवर म्हणाले, "पिन घाला नि सोडा, सांजंला भाडं हाय." सोडली नाही. आर्म आणि जॉइंट दोन्ही नवे घातले. नट पुरता आवळल्यावर खाच भोकासमोर आली नाही, म्हणून आणखी थोडा आवळला. पिनेसाठी नट मागं घ्यायचा नसतो. पिन नवी, दोन्ही पाय वळवून.

पण हीच गाडी दिवाळीआधी मी स्वतः ग्रीस करून दिली होती. याच जॉइंटच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, गन लावली, रबरी बुटातून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबली. चिखल पुसला तो निपलपुरता. खिळा तेव्हाही तिथं होता का, हे मला सांगता येत नाही. परवा दुसऱ्या एका गाडीखाली झोपून बघितलं. निपलपासून नटापर्यंत वीतभरसुद्धा अंतर नाही.