कशानं पुसलीस?

चिकट झालेली बाहुली कशानं पुसायची, हे मला लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, लोकलमध्ये विचारलं गेलंय, एकदा तर तेराव्याच्या जेवणालाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण खरं बोलू? तुम्हाला उत्तर नको असतं, बाटलीचं नाव हवं असतं.

तशी बाटली नाही. आपण जिला रबरी बाहुली म्हणतो ती बहुतेक वेळा पीव्हीसीची असते, म्हणजे मोरीतल्या पाइपाचीच बहीण. पीव्हीसी मुळात कडक. बाहुलीचे गाल दाबता यावेत म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, कधी कधी वजनाच्या पाव ते एक तृतीयांश हिश्श्याइतकं. ते तिथं मुरलेलं असतं, जखडलेलं नसतं. वर्षं जातात, माळ्यावर उन्हाळे तापतात, आणि ते हळूहळू वर येतं. हाताला लागतं ते हे. धूळ नंतर येऊन बसते. म्हणून पुसल्यावर "पुन्हा चिकट झाली हो" असा फोन मला करू नका. होणारच.

मी काय करते? वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मलमलीचा तुकडा बुडवून करकचून पिळायचा, पुसायचं, मग नुसत्या पाण्याच्या फडक्यानं पुसायचं, आणि पंख्याखाली सावलीत वाळू द्यायचं. आधी तळपायावर करून बघायचं. हातात मोजे. बादलीत बुचकळायची नाही. मिटणाऱ्या डोळ्यांच्या आत धातू असला तर गंजतो, आणि केसांच्या भोकांतून डोक्यात गेलेलं पाणी बाहेर यायचं नाव घेत नाही. पावडर लावा असं मीच कितीतरी जणींना सांगितलंय. ते मागे घेते. बोटांच्या बेचक्यांत तिचा राखाडी लगदा होतो.

आणि हो, "आम्ही खेळलो, आम्हाला काय झालं?" हेही ऐकलंय. त्या मऊ करणाऱ्या द्रव्यांपैकी थॅलेट जातीच्या काहींवर युरोपनं 2005 मध्ये आणि अमेरिकेनं 2008 मध्ये खेळण्यांसाठी 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. तुमच्या माळ्यावरची बाहुली त्याच्या कितीतरी आधीची. तोंडात घालणाऱ्या पोराच्या हाती ती द्यायची नाही. तुम्ही जरूर कुरवाळा, नंतर हात धुवा.

आता मला हा प्रश्न का टोचतो ते.

माझे सासरे बोटीवर होते. 1979 साली त्यांनी धाकट्या लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला, दीड वीत उंचीची बाहुली आणली. आडवी केली की डोळे मिटणारी. ते गेल्यावर काही वर्षांनी माळा आवरताना ती मला पिशवीत सापडली. मेणचट, काळी, नायलॉनचा झगा पाठीला चिकटलेला. भाऊबीज चार दिवसांवर होती. म्हटलं, चकाचक करून हातात ठेवू.

साबणानं मनासारखं होईना. मी नेलपॉलिश रिमूव्हर काढलं.

पहिला बोळा काळाकुट्ट निघाला. काय आनंद झाला म्हणून सांगू! दुसरा गुलाबी निघाला. तिसऱ्याला एक भुवई गेली, ओठ गेले, आणि गाल असा बुळबुळीत झाला की धरायला गेले तर माझा अंगठा त्यात उमटला. वाळल्यावरही तो ठसा तसाच राहिला, आधार कार्डाला घेतात तसा.

इतकी वर्षं मी सांगत आले की मला माहीत नव्हतं. बाटलीवर कुठं लिहिलं होतं? घरात सांगायला तरी कोण होतं? सगळं खरं. पण दुसरा बोळा गुलाबी होता, आणि तो मी पाहिला होता. मळ गुलाबी नसतो. तरी मी तिसरा बोळा भिजवला, कारण अर्धवट सोडायची मला सवय नाही. याला मी तेव्हा टापटीप म्हणायचे. आज काय म्हणावं, ठाऊक नाही.

भाऊबिजेला नणंदेनं बाहुली हातात घेतली, आडवी केली. डोळे मिटले. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, कशानं पुसलीस गं?"

बाहुली ती नेईना. त्यानंतर मी दुसऱ्यांच्या बाहुल्या पुसायला लागले. प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका, मला तो शब्द आवडत नाही.

एवढं करून मी बरोबर करते का, तेही नक्की नाही. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात यव्होन शाशुआ यांनी नेमका मऊ पीव्हीसीचाच अभ्यास केला. बंद काचेत ठेवलं तर आतलं द्रव्य कमी वेगानं निघून जातं. पॉलिथिनची पिशवी मात्र ते शोषून घेते. म्हणजे आमच्या माळ्यावरची पिशवी चूक होती. आणि मी वर्षानुवर्षं सगळ्यांना "हवेशीर ठेवा" सांगत होते, तेही बहुधा चूकच. शिवाय दरवेळी पुसलं की वर आलेलं तेवढं कायमचं जातं, आणि बाहुली कडक व्हायच्या वाटेला लागते.

हे कळल्यापासून नणंदेची ती बाहुली किराणा दुकानात गोळ्यांना असते तसल्या काचेच्या बरणीत आहे. गेल्या गणपतीत नणंद आली होती. बरणीपाशी बराच वेळ उभी राहिली. "हिला कोंडून का ठेवलीयेस?" म्हणाली. मी द्रव्याचं सांगायला लागले. तिनं झाकण उघडलं, बाहुली आडवी केली, डोळे मिटतात का बघितलं, आणि परत आत ठेवली. झाकण मात्र लावलं नाही.

मीही अजून लावलेलं नाही.