होडीच्या गादीखालची फळी

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे आमची २४ फुटी फायबरची होडी पर्यटकांना घेऊन फिरते. गेल्या मे महिन्यात, हंगाम संपायला आठवडा उरला असताना, एक आजी डावीकडच्या बाकावर टेकल्या आणि गादीच खाली गेली. त्यांना लागलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. संध्याकाळी रेक्झिन उसवलं. वरून गादी चकचकीत होती, खालचा प्लाय मात्र भिजल्या पुठ्ठ्यासारखा बोटांनी कुस्करत होता. जेमतेम दोन पावसाळे झाले होते त्याला.

गाद्या शिवणारा म्हणाला, "वॉटरप्रूफ प्लाय टाकून देतो." मागच्या वेळीही त्याने हाच शब्द वापरला होता. या वेळी मी फळी स्वतः निवडायची असं ठरवलं.

बाबांनी कुजका तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "लाकडाक खारा पाणी मारना नाय, गोडा पाणी मारता." हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी नीट कळलं. लाकूड कुजवणारी बुरशी खारटपणात नीट वाढत नाही. बुडत्या भागाला समुद्रातला किडा लागतो, ते दुखणं निराळं. बाकावर मात्र पडतं ते पावसाचं पाणी. ते शिलाईच्या भोकांतून आत जातं, फोममध्ये साठतं आणि प्लायच्या कडेतून वर चढत राहतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी जोर धरत नाही. आमच्या गादीच्या तळाला तर रेक्झिन ताणून बसवलेलं होतं, म्हणजे पाणी बाहेर जायला वाटच नव्हती.

पावसाळ्यात प्रवासी वाहतूक बंद असते, त्यामुळे हाताशी वेळ होता. मी चार प्रकारचे तुकडे आणले.

पहिला मरीन प्लाय. घेताना शिक्क्यातला आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, आकडा वाचा. ३०३ म्हणजे साधा फर्निचरचा किंवा थोडी ओल सोसणारा. ७१० म्हणजे मरीन. ७१० च्या तुकड्याला ७२ तास उकळून तपासतात. पण ती परीक्षा थरांमधल्या डिंकाची असते. त्याच्या लाकडाला औषध मारलेलं असतं खरं, तरी कापलेली कड आणि स्क्रूचं भोक उघडं राहिलं की ओल तिथूनच शिरते.

दुसरी सागाची फळी. सागाच्या अंगातलं तेल बुरशीला दाद देत नाही, आणि मला स्वतःला साग फार आवडतो. पण आठ गाद्यांना साग परवडेना.

तिसरा एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, पांढरा पत्रा. कुजण्याचा प्रश्नच नाही, पाण्यावर तरंगतो. पण गोंद धरत नाही आणि स्टेपलची पिन पकडीने ओढली की सहज सुटून येते. शिवाय तो उन्हात वाढतो. चार फुटांच्या पट्टीत सकाळ-दुपारचा फरक चार-पाच मिलिमीटरचा पडू शकतो, म्हणून स्क्रूची भोकं लांबट पाडावी लागतात.

चौथा पीव्हीसी फोम बोर्ड. हा घेताना दुकानात एक विचाराच: आत लाकडाचा भुसा आहे का? डब्ल्यूपीसी म्हणून तसाही बोर्ड मिळतो, आणि भुसा पाणी पितो. निव्वळ पीव्हीसीचा १८ मिलिमीटरचा तुकडा मी महिनाभर पावसाच्या पाण्याच्या बादलीत ठेवला. त्याला काही झालं नाही. पिनही घट्ट बसली. मग पाऊस उघडलेल्या एका दुपारी तोच बोर्ड दोन चिऱ्यांवर आडवा टाकून त्यावर उभा राहिलो, तर तापलेला बोर्ड चांगलाच वाकला. सकाळी गार असताना इतका वाकला नव्हता.

निवड या वाकण्यावरच ठरली. बाकाच्या खोक्यावर एक-एक फुटावर फायबरच्या आडव्या पट्ट्या बसवून घेतल्या आणि प्रवाशांच्या आठही गाद्यांना पीव्हीसी बोर्ड घातला. तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, बाकाखाली मात्र इंधनाची टाकी असल्याने आधार देता येत नव्हता, आणि त्यावर पाय देऊन चढावं लागतं. तिथे ७१० चा प्लाय घेतला. त्याला इपॉक्सीचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचे, तीन हात दिले. कडांना जास्त, कारण कड पहिला हात पिऊन टाकते. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि वाळल्यावर त्यातच बारीक भोकं पाडली. या एका फळीला चार दिवस गेले, कारण पावसाळी हवेत लाकूड पुरतं वाळल्याशिवाय इपॉक्सी लावली तर ओल आतच कोंडली जाते.

प्रत्येक फळीला २० मिलिमीटरची सहा भोकं पाडली आणि तळाला रेक्झिनऐवजी जाळी लावली. साध्या फोमऐवजी मोठ्या छिद्रांचा, पाणी झरकन सोडणारा फोम घातला. पिना खाऱ्या हवेत सहजी न गंजणाऱ्या ३१६ स्टेनलेसच्या, दोरा पॉलिएस्टरचा. गादीवाल्याला जाळीची कल्पना पटत नव्हती. म्हणाला, आतलं काम दिसेल. मी म्हटलं, दिसू दे, मला रोज बघायचंच आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्रभर परतीचा पाऊस कोसळला. सकाळी गादी उचलली तर भोकांतून पाणी टपकत होतं, आणि दुपारच्या फेरीपर्यंत तळ हाताला कोरडा लागला. तांडेलाच्या बाकाचा प्लाय मी दर महिन्याला उघडून चारही कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहतो. अजून टणक आहे.