बेल्मारचा तांडेल

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. पहाटे पावणेपाचला न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. गार्डन स्टेट पार्कवे जवळजवळ रिकामा. 98 नंबरच्या एक्झिटला वळून पूर्वेकडे लागलं की थोड्याच वेळात खाऱ्या वाऱ्याचा वास गाडीत शिरतो आणि शार्क नदीच्या काठावरचं बेल्मार बंदर दिसू लागतं. 2016 पासून या वाटेने किती वेळा आलो, मोजलेलं नाही. या वेळी मात्र सारखं भरून येत होतं. आमच्या कॅप्टनची ही शेवटची फेरी होती.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ‘पार्टी बोट’ म्हणतात त्यात पार्टी वगैरे काही नसते. माणशी तिकीट काढायचं, बोटीवर चढायचं आणि दिवसभर समुद्रात मासे गरवायचे. म्हणूनच तिला ‘हेड बोट’ही म्हणतात, डोकी मोजून पैसे. ज्याला अख्खी बोट भाड्याने घेणं परवडत नाही, ज्याच्याकडे स्वतःचा गळसुद्धा नाही, त्याच्यासाठी समुद्राचं दार ही बोट उघडते. कठड्याला टेकून एका बाजूला निवृत्त पोस्टमन, दुसऱ्या बाजूला कोरियन आजोबा, मध्ये कॉलेजची पोरं, आणि आमच्यासारखे. निघताना प्रत्येक जण थोडे डॉलर एका डब्यात टाकतो. दिवसभरात सगळ्यात मोठा मासा ज्याचा, त्याला तो डबा. खलाशाला इथे ‘मेट’ म्हणतात. तो आमिष लावून देतो, गुंता सोडवतो, परतीच्या वाटेवर मासे कापून देतो, आणि त्याची खरी कमाई लोक हातावर ठेवतील त्या टिपेची.

पहिल्यांदा आलो तो 2016 चा जुलै. बाबा मालवणहून सहा महिन्यांसाठी आले होते. जन्मभर पोस्टात नोकरी केली, पण रविवार उजाडला की हातात गरी आणि दोरी. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते अगदी गप्प झाले होते. खिडकीतून पार्किंग बघत बसायचे. ऑफिसातल्या एकाने या बोटीचं नाव सांगितलं आणि मी त्यांना घेऊन आलो.

बोटीवर चढताना कॅप्टन दारातच उभे होते. उंच, खांद्याने किंचित वाकलेले, हाताच्या बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. त्यांनी बाबांचा चेहरा पाहिला नाही, हात पाहिले. मग मेटला म्हणाले, “पॉप्सना मागच्या कोपऱ्यात जागा दे.” पिछाडीचा कोपरा म्हणजे बोटीवरची सर्वांत मानाची जागा, त्यासाठी लोक पहाटे चारला येऊन रांग धरतात. त्या दिवशी रोजच्या एका गिऱ्हाइकाने ती आनंदाने सोडली. कॅप्टननी सांगितलंय म्हटल्यावर कुणी हुज्जत घालत नसे.

उन्हाळ्यातला मासा म्हणजे फ्लूक. चपटा, वरून वाळूच्या रंगाचा, खालून पांढराशुभ्र, आणि दोन्ही डोळे डाव्या अंगाला. अगदी लहान असताना हा इतर माशांसारखाच उभा पोहतो, डोळे दोन बाजूंना दोन असतात. मग उजवा डोळा हळूहळू सरकत डावीकडे येतो आणि मासा वाळूवर आडवा होतो. नांगर न टाकता बोट वाऱ्यावर सोडायची आणि आमिष तळावरून घसटत न्यायचं, अशी त्याची पद्धत. बाबांच्या गळाला पहिला लागला तेव्हा ते आमच्याकडच्या चपट्या माशाचं नाव घेऊन मोठ्याने ओरडले, “लेपो!” सगळी बोट वळून बघायला लागली.

मेटने मासा फळीवर ठेवून मोजला. त्या वर्षी ठेवण्याची मर्यादा 18 इंच होती. हा साडेसतरा. मेट म्हणाला, परत सोडावा लागेल. मी बाबांना समजावून सांगितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं मला बघवेना. खाण्याजोगा मासा हाताने पाण्यात टाकण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती. तेवढ्यात कॅप्टन केबिनमधून खाली उतरले. नियम सांगत बसले नाहीत. त्यांनी हात ओले केले, मासा उचलला आणि बाबांच्या दोन्ही हातांत दिला. म्हणाले, “तुमचा आहे, तुम्हीच सोडा.” बाबांनी वाकून तो पाण्याशी नेला, क्षणभर तसाच धरला. शेपटीचा एक फटका बसला आणि तो खाली गेला. बाबांनी ओला हात कपाळाला लावला. कॅप्टननी टोपी काढली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

परतीच्या वाटेवर त्यांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. समोर जीपीएसचा पडदा चालू होता, पण कॅप्टननी खणातून एक वही काढली. कडा तेलकट झालेल्या, पानं मिठाने कडक झालेली. दर ओळीला दोन-दोन पाच आकडी संख्या. ते लोरानचे आकडे होते. जीपीएसच्या आधी किनाऱ्यावरच्या केंद्रांतून येणाऱ्या रेडिओ लहरींमधला वेळेचा फरक मोजून बोटीला आपली जागा कळायची. अमेरिकेने ही यंत्रणा 2010 साली बंद केली, पण कॅप्टनची वही तशीच राहिली. कुठे बुडालेलं जहाज, कुठे खडक, कुठे कृत्रिम रीफ, म्हणजे माशांना आसरा म्हणून तळाशी रचलेले ढीग. न्यू जर्सीत मुद्दाम रीफ उभारायचं काम 1984 पासून चालू आहे. 2003 साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे जुने लाल डबेसुद्धा त्यासाठी समुद्रात उतरवले. ज्या डब्यांतून माणसं कामावर जायची, त्यांच्या खिडक्यांतून आता मासे फिरतात.

वहीच्या सर्वांत जुन्या पानांवर आकडेही नव्हते. पाण्याची टाकी आणि चर्चचं शिखर एका रेषेत आलं की थांब, असं चित्र काढलेलं. ते बघून बाबांनी माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि एका कागदावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा बुरूज काढला, त्याच्या मागे एक माड, आणि दोन्हींमधून जाणारी सरळ रेघ. रेघेच्या टोकाला मासा. कॅप्टन दोन्ही चित्रांकडे बघत राहिले, मग बाबांच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे वळून म्हणाले, “हे तर कॅप्टन आहेत.” मी म्हटलं, आमच्याकडे तांडेल म्हणतात. त्या दिवसापासून त्यांनी बाबांना पॉप्स म्हणणं सोडलं. “हाऊ इज तांडेल?” दर वेळी पहिला प्रश्न हाच.

या शनिवारीही तोच.

ब्लॅकफिशचा हंगाम होता. हा मासा बुडालेल्या जहाजांत, खडकांच्या कपारीत राहतो, जाड ओठांचा, दणकट दातांचा. खेकडे कवचासकट फोडून खातो. त्याला धरायचं तर बोट बरोबर त्या जहाजाच्या डोक्यावर उभी राहायला हवी. चार हात इकडेतिकडे झालं तरी दिवस रिकामा जातो. कॅप्टन दोन नांगर टाकतात. आधी एक, मग वारा आणि ओढ बघून दुसरा, आणि मग दोन्ही दोर थोडे सैल, थोडे घट्ट करत बोट इंचाइंचाने सरकवतात. या शनिवारी वारा वायव्येचा आणि बोचरा होता. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभं राहून त्यांनी दोरावर तळवा ठेवला, डोळे मिटले. मेट तयारीत थांबला. “सहा फूट सोड.” सहा फूट सोडला. पाच मिनिटांत डाव्या कठड्यावरचे तीन रॉड एकदम वाकले.

मी अनेक बोटींवर गेलोय. एवढी नजर मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. आणि तरीही ती नजर माशांपेक्षा माणसांवरच जास्त असायची. दुपारपर्यंत ज्याच्या पदरी काही पडलं नसेल त्याच्या शेजारी येऊन उभे राहायचे, त्याच्या दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं बदलायचे, अर्धा खेकडा नीट लावून द्यायचे. 2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा बेल्मारचा लाकडी बोर्डवॉक उद्ध्वस्त झाला. पाणी चढत होतं तसे ते रात्रभर बोटीचे दोर ढिले करत बसले होते. हे मला त्यांनी नाही, मेटने सांगितलं.

आता गुडघे साथ देत नाहीत. कोस्ट गार्डचा परवाना पाच वर्षांनी नवा करावा लागतो, त्यासाठी वैद्यकीय तपासणी असते. या वेळी त्यांनी अर्जच केला नाही.

बंदरात शिरताना पूल उघडला. एरवी ते भोंगा एकदा देतात, त्या दिवशी जरा लांबवला. पुलावर थांबलेल्या गाड्यांपैकी कुणीतरी हॉर्नने उत्तर दिलं. धक्क्याला लागल्यावर त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला. कुणीही घाईने उतरलं नाही. माझ्या पिशवीत दोन ब्लॅकफिश होते, एक मी त्यांच्यासाठी आणलेल्या सोलकढीच्या बाटलीशेजारी ठेवायला गेलो तर म्हणाले, “मासे तू ने. तांडेलला फोटो पाठव.” मग स्वतःचा कॉफीचा मग आणि चष्मा एवढंच घेऊन ते पायऱ्या उतरले.

घरी येऊन मालवणला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ झाली होती. बाबांना फोटो दाखवला, सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“बोट कोणाक दिल्यान?”

“मेटला. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता तो.”

“खुणो दिल्यान काय तेका?”

उतरताना मी केबिनमध्ये डोकावलो होतो. वही खणात नव्हती. सुकाणूशेजारी, नव्या कॅप्टनच्या हाताशी उघडी पडली होती, उडू नये म्हणून वर एक शिसं ठेवलेलं.

“दिल्या,” मी म्हटलं.

“मगे बरा.”