आतले माप की बाहेरचे?

गाडीच्या डिकीत बारा इंची सबवूफर (खोल, जाड आवाजाचा म्हणजे बेसचा स्पीकर) बसवण्याचे काम दोन आठवड्यांत होईल, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात दोन महिने लागले आणि त्यातले जवळजवळ सगळे दिवस तो ज्यात बसतो त्या एका रिकाम्या बॉक्सच्या मापापायी गेले.

बॉक्सचा प्रकार ठरवणे सोपे गेले. पोर्ट (हवा आत-बाहेर जायला ठेवलेले भोक) असलेला बॉक्स तेवढ्याच ताकदीत मोठा आवाज देतो, पण तो जागाही जास्त खातो. मला धमाका नको होता, डग्ग्याचा घुमारा सुटा ऐकायचा होता, म्हणून मी बंद बॉक्स निवडला. सबवूफरसोबतच्या कागदावर क्यूटीएस (स्पीकरचे कंपन किती आवरलेले आहे ते सांगणारा आकडा) ०.४५ आणि व्हीएएस (स्पीकरच्या लवचीकपणाशी जुळणाऱ्या हवेचे माप) ४५ लिटर असे आकडे होते. क्यूटीसी, म्हणजे बंद बॉक्समध्ये बसवल्यावर क्यूटीएसचा जो आकडा होतो तो, ०.७०७ धरून हिशेब केला की हवेची जागा सुमारे ३०.६ लिटर येते. सबवूफरचा मागचा भाग स्वतः दोनेक लिटर जागा अडवतो, म्हणून मी आतले माप ४० × ३३ × २५ सेंटिमीटर, म्हणजे ३३ लिटर ठरवले आणि कागदावर ‘आतून’ हा शब्द दोनदा अधोरेखित करून दुकानात दिला.

तीन आठवडे ‘परवा या’ ऐकल्यानंतर जो बॉक्स हाती आला, त्याचे बाहेरचे माप बरोबर ४० × ३३ × २५ होते. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) १८ मिलिमीटरचे असल्याने प्रत्येक दिशेला ३.६ सेंटिमीटर कमी झाले होते आणि आत उरले होते जेमतेम २३ लिटर. मी हे दाखवल्यावर दुकानदार म्हणाले, “साहेब, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय? बेस वाजतोय ना?” खरे सांगायचे तर क्यूटीसी ०.८ च्या आसपास गेल्याने कानाला आभाळ कोसळत नाही, हे मलाही मान्य आहे; पण सांगितलेल्या मापाच्या जवळजवळ एक तृतीयांश जागा गायब असताना पैसे मात्र पूर्ण मागायचे, हे मला पटेना. शिवाय कोपऱ्यांतून हवा फुसफुसत होती. दुरुस्तीसाठी बॉक्स आणखी दोन आठवडे तिथेच पडून राहिला आणि परत आला तो फक्त बाहेरून काळे कार्पेट चिकटवून. आत पॉलिएस्टरचा कापूस भरला की सबवूफरला बॉक्स थोडा मोठा भासतो, हा उपायही मी केला, पण गळक्या सांध्यांना त्याचा काय उपयोग?

अखेर प्लायवूडच्या दुकानातून फळ्या मापात कापून आणल्या आणि एका रविवारी बॉक्स स्वतःच जोडला. एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट पिळला तर फळी फुटते, म्हणून आधी बारीक ड्रिल मारावे. सांधे आतून सिलिकॉनने बुजवावेत आणि त्याचा वास पूर्ण गेल्यावरच सबवूफर बसवावा. सबवूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) हलक्या हाताने सगळीकडून सारखा दाबून सोडल्यावर तो सावकाश परत आला, तेव्हा बॉक्स हवाबंद झाल्याची खात्री पटली आणि मी तो कोन उगाचच आणखी चार वेळा दाबून पाहिला.

वायरिंगचेही एक सांगतो: बॅटरीकडून अँप्लिफायरकडे (सबवूफरला ताकद पुरवणाऱ्या यंत्राकडे) येणाऱ्या वायरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. दुकानाने तो अँप्लिफायरजवळ लावला होता. आणि हे खरे तर सर्वांत आधी सांगायला हवे होते: डिकीच्या जागेबरोबर डिकीचे तोंडही मोजा. माझा बॉक्स मागची सीट पाडून, तिरका करून आत सरकवावा लागला.