गाडी माझी, पण तिचं तेल बघायची सोय नाही

माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची काडी, नाही. इंजिनाला आहे, गिअरबॉक्सला नाही. इथे डेट्रॉईटजवळ नोव्हायमध्ये ऑइल बदलून देणाऱ्या एका दुकानात मी म्हटलं, ट्रान्समिशन फ्लुइडही, म्हणजे गिअरबॉक्सचं तेलही, बघून घ्या. तिथला मुलगा म्हणाला, "ते सील्ड असतं, आयुष्यभराचं. बघायची गरज नाही." आयुष्यभर म्हणजे किती मैल, ते काही त्याला सांगता आलं नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आपल्याकडे अजून क्लचच्या गाड्या जास्त आणि माझी ऑटोमॅटिक, म्हणून थोडं सांगते. ऑटोमॅटिकमध्ये हे तेल नुसतं वंगण नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर याच तेलातून पुढे जातो, याच्याच दाबानं आतल्या क्लचप्लेटा आवळल्या जातात, आणि आतली उष्णताही हेच बाहेर काढतं. कमी पडलं तर गिअर घसरतो, प्लेटा जळतात. जास्त झालं तर फेस होतो आणि दाब टिकत नाही. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीची पातळी मालकाला बघता येऊ नये, हे मला पटतच नाही.

शेजारचे आजोबा मोटार कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या जुन्या ब्यूइकचं तेल दोन मिनिटांत बघून होतं. गाडी फिरवून गरम करायची, सपाट जागी लावायची, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या गिअरांतून फिरवून पार्कवर आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच काडी ओढायची. धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची. (काडीवाल्या होंडात मात्र इंजिन बंद करून लगेच बघतात, म्हणून आधी पुस्तिका वाचावी.) तेल गरम झालं की फुगतं, त्यामुळे थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात. लाल आणि स्वच्छ दिसलं तर चांगलं. तपकिरी झालं आणि करपल्याचा वास आला, तर आत प्लेटा झिजताहेत.

माझ्या गाडीला हेच करायचं तर ती चारही बाजूंनी सारखी उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत राहायचं आणि ते ठरलेल्या टप्प्यात आलं की खालचा बोल्ट काढायचा. धार थेंबांवर आली की पातळी बरोबर. नुसतं बघायला एवढा खटाटोप! त्यात आमच्या अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला मनाई. शेवटी आजोबांनीच त्यांचं गॅरेज दिलं, स्टँड दिले, शनिवारची अख्खी सकाळ दिली. पैशांचा विषय काढूच दिला नाही. निघालेलं तेल काळपट होतं, म्हणून बदलून टाकलं. जुनं तेल स्पेअरपार्टच्या दुकानात फुकट जमा करून घेतात, ही इथली पद्धत मला फार आवडते.

कंपन्यांची बाजू मला कळते. काडी नसली की भलतंच तेल ओतलं जाण्याचा धोका कमी होतो, आणि आताची तेलं जास्त टिकतात. पण कितीतरी युरोपीय गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणून सांगते. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकते.

इथले कायदे चांगले आहेत. मिशिगनच्या १९७४ च्या कायद्यानं मेकॅनिकला राज्याचं प्रमाणपत्र लागतं, दुरुस्तीआधी लेखी अंदाज द्यावा लागतो. डीलरकडे न जाता बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणानं कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, तो १९७५ चा देशभराचा कायदा. पुण्यात आमचे गॅरेजवाले काका लेखी काही देत नसत. पण बाबा शेजारी स्टूल टाकून बसत आणि काढलेला प्रत्येक पार्ट काका त्यांच्या हातात ठेवत. बाबांना कागद कधी लागला नाही.

दादा फोनवर म्हणाला, "एवढी शिकलीस आणि गाडीखाली झोपतेस?" मला त्यात कमीपणा वाटत नाही. मजुरी इथे ताशी १०० डॉलरच्या वर जाते, पण मी पैशांसाठी केलं नाही. माझ्या गाडीत काय चाललंय ते मला बघायचं होतं. त्यानं स्वतः यंदा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, घेतलीय. तिला तिचंच वेगळं तेल लागतं, दुसरं चालत नाही. पुण्याच्या उन्हात, गर्दीत थांबत थांबत चालवणं बऱ्याच पुस्तिकांत जड वापरातच धरतात, म्हणून त्याला म्हटलं, "पुस्तिकेतला जड वापराचा सर्व्हिसिंगचा तक्ता काढून बघ, सर्व्हिस सेंटरवाल्यांवर सोडू नकोस." रात्री त्यानं पानाचा फोटो पाठवला. तेल बदलायची मुदत त्यात छापलेली आहे, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला तो पुस्तिका सोबत नेणार आहे.